नक्षी शाबूत, पण टायर म्हातारा

प्रश्न : आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. फियाट कंपनीच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली जुनी कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आम्ही घेतली असून तिच्या मागच्या ॲक्सलची कमाल क्षमता 2000 किलो आहे. 215/70 आर 15 सीपी मापाच्या टायरांवर 1416 हा आकडा आणि ‘एम+एस’ (चिखल व बर्फ) ही खूण आहे. नक्षी चांगली खोल आहे, तरीही टायर बदलावेत का? गॅरेजमध्ये स्वस्त ‘सी’ टायर सुचवले जातात. शिवाय दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला 5.5 बार दाब मागच्या चाकांत ठेवला की गाडी फार आदळते. तो कमी केला तर चालेल का?

उत्तर : टायर अवश्य बदलावेत, आणि चारही बदलावेत. 1416 म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. कॅम्पर व्हॅन वर्षातले कित्येक महिने सगळा भार घेऊन एकाच जागी उभी असते, त्यामुळे नक्षी झिजण्याच्या कितीतरी आधी रबर कडक होते आणि बाजूंना बारीक चिरा पडू लागतात. दुसरे कारण कायद्याचे आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर केवळ ‘एम+एस’ची खूण पुरत नाही, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण लागते.

‘सी’ म्हणजे मालवाहू गाडीचा टायर आणि ‘सीपी’ म्हणजे खास कॅम्परचा. आपल्या मापात दोन्हींचा भारांक 109, म्हणजे एका टायरला 1030 किलो असतो, म्हणून ‘सी’ बसवणे बेकायदा नाही. मालवाहू गाडी मात्र माल उतरला की हलकी होते. आपली गाडी कधीच हलकी होत नाही. दोन टायरांचे मिळून 2060 किलो होतात आणि ॲक्सल 2000 किलोचा आहे, म्हणजे शिल्लक अवघी 60 किलोंची! मागे सायकली टांगल्या तर त्या ॲक्सलच्या बऱ्याच मागे लोंबकळत असल्याने पुढच्या ॲक्सलवरचा भार उचलतात आणि मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनाहूनही अधिक ओझे टाकतात. इतक्या काठावरच्या गाडीला आम्ही ‘सीपी’च सुचवू. तरीही ‘सी’ घेतलेच, तर पट्टीवरचा, ‘सीपी’साठीचा 5.5 बार त्यांना लागू धरू नये. त्या टायरच्या कंपनीचा तक्ता पाहावा.

दाब कमी करण्याचा निर्णय अंदाजाने करू नये. पाण्याची टाकी, गॅस, सामान आणि सर्व प्रवासी यांच्यासह गाडी वजनकाट्यावर न्यावी, दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलावेत आणि ते आकडे टायर कंपनीला कळवून लेखी दाब मागवावा. मागचा ॲक्सल 2000 किलोंच्या जवळ भरला, तर आदळणे सोसून 5.5 बारच ठेवावा लागेल, कारण हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, आतून तापतात आणि महामार्गावर असा टायर अचानक फुटतो. टायर बदलताना व्हॉल्व्हही धातूचे घ्यावेत; साधे रबरी व्हॉल्व्ह सुमारे 4.5 बारपर्यंतचेच असतात.

हवा नेहमी टायर थंड असतानाच तपासावी. तापमान 10 अंशांनी वाढले की या दाबाला साधारण 0.2 बारची वाढ होते. ती हिशेबात धरलेली असते, म्हणून प्रवासात आकडा चढलेला दिसला तरी हवा सोडू नये.