दोन वर्षांनी रिटायर होतोय, नंतर 5 लाखांचा मेडिक्लेम घेऊ की 10 लाखांचा?

तुमचं वय 58, सध्या कंपनीचा मेडिक्लेम आहे आणि स्वतःची पॉलिसी रिटायर झाल्यावर बघू म्हणताय. तो ‘नंतर’ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आत्ताच काढा, नोकरीत असतानाच.

आमचे हे इंदूरजवळ पीथमपूरला कंपनीत होते. हे 55 चे झाले तेव्हापासून मी मागे लागले होते की आपली एक वेगळी पॉलिसी काढू, पण मोठे भाऊजी म्हणाले कंपनी देतेय ना, दोन-दोन हप्ते कशाला, आणि आमच्याकडे भाऊजींचा शब्द शेवटचा. मग 58 ला रिटायर झाल्यावर काढली. अकराव्या महिन्यात रात्री दोनला ह्यांच्या पोटात कळ आली, ओकाऱ्या, बनियन घामाने चिंब, इंदूरच्या आमच्या रामबागेत त्या वेळी ऑटो मिळेना, शेवटी शेजारच्यांनी गाडीतून नेलं. पित्ताशयात खडे. ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरच्या (तिथे विम्याचे क्लेम बघतात) मुलीने कागद पुढे सरकवला, एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली: खडे, हर्निया, मोतीबिंदू, वेटिंग 24 महिने, म्हणजे पॉलिसी काढल्यापासून तेवढा काळ ह्या आजारांचे पैसे मिळत नाहीत. 1 लाख 18 हजार भरले, एफडी मोडून. विमा कंपनीची चूक नव्हती, लिहिलेलंच होतं. मी म्हणत होते तेव्हा काढली असती तर ते 24 महिने नोकरीतच सरले असते.

बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांना तर 3 वर्षांपर्यंत वेटिंग असतं, 2024 च्या आधी 4 होतं. म्हणजे तुम्हाला उशीर झालाच आहे.

कव्हर 10 चंच घ्या, नाहीतर 5 ची बेस म्हणजे मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचा खर्च 5 च्या वर गेला की लागू होणारी दुसरी पॉलिसी, ते स्वस्त पडतं. रूम रेंटची लिमिट असलेली मात्र अजिबात नको, 5 लाखांवर 1 टक्का म्हणजे दिवसाला 5 हजारांची खोली, तुम्ही 10 हजारांची घेतलीत की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्मा कापतात. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय.

भाऊजी आता म्हणतात सत्तरीला आयुष्मान कार्ड मिळतंच, 5 लाखांचं. मिळतं, पण ह्यांना खडे सत्तरीत नाही झाले, साठीच्या आतच झाले.

हां, एक राहिलं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं वेटिंगमध्ये धरतात, पण मेडिकल वगैरे बघून ठरवतात. रिटायर व्हायच्या आधीच एचआरला विचारा, आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि शुगर असेल तर फॉर्मवर लिहा, एजंट नको म्हणाला तरी लिहा.