नाक-डोळे बरोबर, पण आज्जी कुठाय?

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे, मिरजेत राहते. मोबाईलवर आज्जीचा फोटो काढून त्यावर ग्रिड (आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन) मारून पेन्सिलने पोर्ट्रेट केलं, सोबत पाठवतेय. सुरकुत्या पण एकेक काढल्यात. सगळे भारी म्हणाले पण आई (ती आज्जीला, म्हणजे तिच्या सासूला, आत्या म्हणते) बघून म्हणाली, "ह्या आत्या नव्हेत." कुठं चुकलं?

उत्तर : आईचं म्हणणं मनावर घे पण नाराज होऊ नको, ग्रिडवर मापं इतकी नीट बसवणं सोपं नसतं. माझ्या मते घोळ फोटोत आहे. तुझ्या चित्रात आज्जींच्या चेहऱ्यावर सावलीच नाहीये, फोटो फ्लॅश मारून समोरून काढला असणार. समोरून उजेड पडला की डोळ्याची खोबण, गालातला खड्डा, हनुवटीखालचा काळोख सगळं सपाट होतं आणि मग काढायला उरतात नुसत्या रेषा. आणि सुरकुती ही रेष नसते गं, कातडीची घडी असते, तिची एक कड गडद आणि धारदार, दुसरी हळूहळू उजेडात विरत गेलेली. दोन्ही कडा सारख्या काढल्यास म्हणून चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखं दिसतंय.

आता असं कर. सकाळी आज्जींना दाराजवळ बसव, घरातली ट्यूब बंद, उजेड एकाच बाजूने. त्यांना गप्प बसवू नको, भाजी निवडू दे, बोलू दे. तू डोळे किलकिले करून बघ, बारीकसारीक सगळं जाईल आणि सावलीचे दोन-तीन मोठे आकार राहतील. चारकोलची, म्हणजे चित्राच्या कोळशाची, कांडी आडवी धरून आधी तेच भर, डोळे-पापण्या काही नको. नुसत्या त्या आकारांवरून आज्जी ओळखू यायला पाहिजेत, नाही आल्या तर पुढं जायचं नाही, आकारच दुरुस्त करायचे. मग मळता येतं ते पुटी रबर चिमटीत टोकदार करून उजेड उचल, कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा, खालच्या पापणीच्या ओल्या कडेवरचा.

तोंडाकडे नीट बघ. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात असं आपल्याला शिकवतात आणि ते ढोबळमानाने खरं आहे, पण दात गेले की ओठ आत वळतात, हनुवटी नाकाकडे वर सरकते, चेहऱ्याचा खालचा भागच आखूड होतो आणि डोळे मध्याच्या जरा खाली आल्यासारखे दिसतात. आज्जी कवळी घालत असतील तर घातलेल्या आणि काढलेल्या, दोन्ही वेळा स्केच कर, मापं किती बदलतात ते कळेल. आईच्या डोळ्यांपुढं ह्यातला कुठला चेहरा आहे ते तिलाच विचार.

आणि सगळीकडे सारखी मेहनत घालायची नाही. उजेडाकडचा डोळा आणि तोंडाचा कोपरा पूर्ण कर, पलीकडचा गाल सावलीत मिसळून जाऊ दे, पदर दोन-चार फटकाऱ्यांत. जर्मनीच्या केटे कोलविट्झचं (१८६७–१९४५) चारकोलमधलं १९३३ चं एक आत्मचित्र आहे, ते नेटवर शोधून बघच. चेहरा आणि कोळसा धरलेला हात जबाबदारीने काढलाय आणि मधला अख्खा दंड म्हणजे वरखाली ओढलेले नुसते जोरदार फटकारे, तरी त्या दंडातली ताकद आपल्याला जाणवते! मला ते चित्र फार म्हणजे फार आवडतं.

प्रश्न : मी रिटायर शिक्षक, तासगाव. पेन्सिलने शेडिंग करून गडद जागी वरून चारकोल लावतो पण तो बसतच नाही, डाग डाग दिसतात. पेन्सिल बदलू का?

उत्तर : काका, पेन्सिल बदलून उपयोग नाही. ग्रॅफाइट थराथराचं असतं, ते कागदाच्या खरबरीतपणात भरून त्याला गुळगुळीत करतं, चकाकी येते ती त्यामुळेच. चारकोलला धरायला खरबरीतपणा लागतो, तोच उरला नाही तर तो घसरणारच. कच्चं रेखाटन पेन्सिलऐवजी चारकोलच्या कांडीने हलक्या हाताने करा, फडक्याने झटकलं तरी बरंचसं जातं, आणि बारीक कामाला चारकोल पेन्सिल घ्या. नुसत्या पेन्सिलीत करायचं असेल तर ६बी-८बी ह्या मऊ, गडद पेन्सिलींपर्यंत जा, काळेपणा थोडा कमी मिळेल पण चित्र एकजीव राहील. कागद कार्ट्रिजचा (चित्रकलेचा जाडसर कागद), खरबरीत बाजूचा. आणि बोटाने घासू नका, बोटाचं तेल लागलं की तो डाग रबरानेही निघत नाही.

प्रश्न : समोर बसायला माणसं कुठून आणायची? घरचे कंटाळलेत. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : मिरज जंक्शनवर जा, गाडीची वाट बघणारा माणूस बराच वेळ एका जागी असतो. सतारमेकर गल्लीत वाद्यं करणारे कारागीर कामावर मान खाली घालून बसलेले असतात, तिथं वरून दिसणारं कपाळ आणि आखूड झालेलं नाक काढायचा सराव होतो, तो फोटोवरून होत नाही. आधी विचारायचं मात्र, आणि नको म्हणाले तर वही बंद. एखाद्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन श्री भवानी संग्रहालयातली पोर्ट्रेट्स पण बघ, प्रत्येक चित्रापुढं उभं राहून उजेड कुठून आलाय एवढंच शोध.

प्रश्न : मुलीने चारकोलमध्ये ह्यांचं चित्र काढलंय, फ्रेम करायचंय पण हात लागला की पुसतं. हेअरस्प्रे मारला तर चालेल का? (पलूस)

उत्तर : नको ताई, ठेवायच्या चित्राला हेअरस्प्रे नको, काळाने कागद पिवळा पडतो. फिक्सेटिव्हचा (चित्र पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) कॅन आणा, गच्चीवर किंवा अंगणात साधारण फूटभर लांबून हलके दोन-तीन हात द्या, मधे वाळू द्या. एकदम भिजवलं तर ओघळ येतो. रंग किंचित गडद होतो, घाबरू नका, आणि आधी एका रद्दी स्केचवर मारून बघा. फ्रेमवाल्याला मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा म्हणजे काच चित्राला टेकणार नाही, आणि ॲक्रिलिक शीट नको, साधी काचच, कारण ॲक्रिलिकमध्ये स्टॅटिक तयार होऊन ते चारकोलची भुकटी ओढून घेतं. फ्रेम होईपर्यंत चित्रावर बटर पेपर ठेवा, गुंडाळी करू नका, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर टांगू नका.