पासवर्ड दिला तर विश्वास बसेल का?

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेल्या मुली माझ्याकडे हा प्रश्न हमखास घेऊन येतात. "मॅडम, तो मोबाइलचा पासवर्ड मागतो. दिला तर विश्वास बसेल का त्याचा?" यावेळी मात्र पासवर्ड मागणाराच येऊन बसला.

ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, वय २९, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दिवाळीनंतर साक्षगंध झालं, लग्न मे महिन्यात. मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी होस्टेलवर राहते, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. बसायच्या आधीच त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. स्क्रीनशॉट होते. रात्री ११.४० ला ऑनलाइन, १२.०५ ला परत ऑनलाइन.

"झोपतो म्हणते, अन् मंग हे काय आहे, सांगा बरं?"

आदल्या दिवशी त्यानं तिला १४ फोन केले होते.

पहिल्या भेटीत मी चुकले. विश्वास म्हणजे काय यावर चांगलं वीस मिनिटं बोलले. तो "हाव मॅडम, बरोबर आहे" म्हणत राहिला आणि तेवढ्या वेळात दोनदा तिचं स्टेटस बघून घेतलं. दुसऱ्या वेळी भाषण बंद ठेवलं आणि एवढंच विचारलं, ती ऑनलाइन दिसते तेव्हा तुझ्या डोळ्यासमोर कोण येतं?

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "नोकरीवाला असन कोणी."

त्याला याआधी तीन स्थळांनी नकार दिला होता. एका ठिकाणी तर देण्याघेण्याचं बोलणंही झालं होतं, आणि निरोप आला : पोरगं चांगलं आहे, पण नोकरी नाही. आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराला हे वाक्य ऐकावंच लागतं. आई-बाप ते दोन दिवसांत विसरतात, कारण पुढचं स्थळ शोधायचं असतं. पोरगा विसरत नाही. हिचं शिक्षण संपलं की हीच नोकरीवाली होणार, हेही त्याला कळत होतं. म्हणजे संशय मुलीच्या वागण्यावर नव्हताच. स्वतःच्या सात एकरांवर होता. त्याचं उत्तर तिच्या मोबाइलमध्ये कुठून सापडणार?

नातं का टिकतं यावर कॅरिल रसबल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात एक मांडणी केली. बांधिलकी तीन गोष्टींवर ठरते : नात्यात समाधान किती, दुसरा पर्याय किती चांगला वाटतो, आणि आजवर नात्यात काय काय घातलं आहे. आपल्याकडं तिसऱ्या गोष्टीचं वजन फार लवकर वाढतं. साक्षगंधाचं जेवण झालं, सोनं झालं, मंगल कार्यालयाला इसार गेला. मग मोडत नाही म्हणून जमलं, असं दोन्ही घरं समजतात. "लग्न झालं की होते सारं बरोबर" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. खर्च दोन्ही घरांचा असतो, त्यानं त्या दोघांमधला विश्वास वाढत नाही.

स्क्रीन तपासली की जीव थोडा थंड होतो, आणि तोच घोळ आहे. सुटका मिळाली म्हणून मन पुढच्या वेळी तिकडंच धावतं. आधी तासाने बघणारा मग दहा मिनिटांनी बघतो. पासवर्ड मिळाला असता तर त्यानं डिलीट झालेले मेसेज शोधले असते.

हे त्याला पटलं ते माझ्यामुळं नाही. वेचणीचे दिवस होते, संध्याकाळी मजुरांचा कापूस तोच काट्यावर तोलायचा. मी सहज विचारलं, सगळ्यांचा तोलतोस? म्हणाला, एका म्हाताऱ्या बाईचा नाही, ती सांगेल तेवढे किलो लिहितो. कधीपासून? तो आठवू लागला. सुरुवातीची दोन वर्षं तोलायचा, सांगितलेला आकडा आणि काटा जुळायचा. मग एका वर्षी आजारी वडिलांना घेऊन आठ दिवस नागपूरला राहावं लागलं, कापसाच्या खोलीची किल्ली तिच्याकडंच राहिली. परत आला तर सगळं जागच्या जागी.

"म्हणजे मी पाहाले नव्हतो तवाच..." एवढं बोलून तो थांबला.

विश्वासाच्या पायऱ्यांवर १९८५ मध्ये रेम्पेल, होम्स आणि झॅना या मानसशास्त्रज्ञांनी हेच लिहिलं आहे. आधी वागण्याचा अंदाज येतो, मग माणूस भरवशाचा वाटतो, आणि शेवटची पायरी पुरावा नसतानाची. तो पहिल्याच पायरीवर टॉर्च लावून बसला होता.

मुलगी यायला तयार नव्हती. आली तेव्हा पहिलंच वाक्य : "त्यानंच पाठवलं का तुम्हाले चौकशीले?" रात्री ऑनलाइन का, तर वॉर्डातल्या पोस्टिंगचे मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर उशिरा पडतात, आणि मैत्रिणींसोबत रील्सही बघते. त्याच्याशी खोटं का बोलली? "झोपतो म्हटलं नाही तं तासभर उलटतपासणी होते." तो जितकं विचारायचा तितकी ही गप्प, आणि ही जितकी गप्प तितकं तो विचारायचा. मी तिला स्पष्ट विचारलं, धमकी देतो का, हात उचलला का, शिक्षण सोड म्हणतो का? तिन्हीला नाही. यातल्या एकालाही हो असतं तर मी दोघांना समोरासमोर बसवलंच नसतं, आधी तिच्या घरच्यांशी बोलले असते आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला असता. वाचणाऱ्या मुलींनी हा फरक लक्षात ठेवावा.

तिसऱ्या भेटीत दोघं सोबत बसले. पासवर्डचं नाव काढायचं नाही, जे भेव आहे तेच बोल, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. खिडकीकडं बघत त्यानं विचारलं, "तुले शेतकरी नवरा खरंच चालते का?"

ती आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "शेतकरी चालते. दिवसाचे चौदा फोन करणारा नाही चालत."

ठरलं असं, की वॉर्डातून आली की रात्री नऊला तीच फोन करेल, तोवर यानं करायचा नाही. पंधरा दिवस नीट गेले. सोळाव्या दिवशी नऊ वाजून गेले, दहा वाजले, फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी तो मला सांगत होता, "रातभर डोळा नाही लागला, मॅडम. पण केला नाही."

"मग?"

"सकाळी सहाले तिचाच आला."

काय झालं होतं, मी विचारलं. तेही त्यानं तिला विचारलं नव्हतं.