मुलगी नणंदेकडे पाठवू का?

पत्र:

ताई, आम्ही ठाण्यात किसननगरला राहतो. एकच खोली. मिस्टर आधी वागळे इस्टेटला कारखान्यात होते. तो बंद पडला. आता एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत, रात्री साडेअकराला घरी येतात. मी तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. मोठी मुलगी सहा वर्षांची, पहिलीला आहे. धाकटा दीड वर्षाचा. मुलीच्या बाई म्हणतात, हिचं लक्ष नसतं, सांगितलेलं कळत नाही, घरी कोणी बोलत नाही का हिच्याशी? घरीही तीन हाका मारल्यावर ओ देते. टीव्ही मोठा लावते. पावसाळ्यात दोनदा कान फुटला, तेल कोमट करून घातलं, मग थांबला. झोपेत तोंड उघडं असतं, घोरते. सकाळी चहा-चपाती सोडून काही खात नाही. माझी नणंद घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते. ती म्हणते, पोरीला आमच्याकडे ठेव, चांगल्या वातावरणात वाढेल, नाहीतर तुमच्यासारखीच राहील. सासूबाईंना पटलंय. मी ज्या घरी पोळ्या करते तिथली हिच्याएवढी मुलं गोष्टींची पुस्तकं वाचतात. आमच्या परिस्थितीमुळे पोरीचं नुकसान होतंय का? पाठवू का तिला?

उत्तर:

पाठवू नका. निदान आत्ता तरी नाही. आधी तिचे कान तपासून घ्या.

तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, त्यात बाईंची तक्रार ठळक आहे आणि कान फुटल्याची गोष्ट जाता जाता आलीय. मला ते उलट दिसतं: कानाची गोष्ट मोठी आहे. तीन हाका, मोठा टीव्ही, वर्गात सांगितलेलं न कळणं, उघडं तोंड, घोरणं. हे सगळं एकाच मुलीत आहे आणि तिचा कान एकाच पावसाळ्यात दोनदा वाहिलाय. अशा मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पुष्कळदा चिकट पाणी साचून राहतं. दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल बहिरं नसतं, पण त्याला दबकं ऐकू येतं. जवळून मोठ्याने बोललं तर कळतं, तिसऱ्या बाकावर बाईंचं अर्धं वाक्य पोचतं. शिवाय हे कमी-जास्त होतं, सर्दी झाली की वाढतं. त्यामुळे ‘तिला हवं तेव्हा बरोब्बर ऐकू येतं’ असंही घरचे म्हणतात. तुमच्या सासूबाई म्हणत असतील तर मला नवल वाटणार नाही.

घोरण्याचाही याच्याशी संबंध असू शकतो. नाकाच्या मागे ॲडेनॉइड नावाचा मांसल भाग असतो. लहान मुलांत तो सुजला की श्वास तोंडाने घ्यावा लागतो. नाकापासून कानापर्यंत जाणाऱ्या बारीक नळीचं तोंडही त्याने अडतं. झोप मोडत राहते आणि मूल दिवसा पेंगतं किंवा चिडचिड करतं. बाईंना ते ‘लक्ष नाही’ असंच दिसणार.

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून कान तपासता येत नाही. पण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मला लिहिलंत तेच तिथे सांगा. घोरणं विसरू नका. नुसतं ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणालात तर डॉक्टर भलतीकडे जातील. ऐकण्याची तपासणी करायची आहे, हे स्वतःहून म्हणा. पडद्यामागे पाणी आहे असं निघालं तरी घाबरू नका. पुष्कळ मुलांत ते तीनेक महिन्यांत आपोआप जातं, म्हणून डॉक्टर थोडं थांबायला सांगतील. नाही गेलं आणि ऐकू कमीच येत राहिलं, तर पडद्यात बारीक नळी बसवतात. आणि पुन्हा कान वाहिला तर तेल घालू नका. कोमटही नाही.

आता परिस्थितीचं. तिचा परिणाम होतो. पैशाने काही फरक पडत नाही, फक्त माया हवी, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा पाणी चोवीस तास असतं. तुमच्या नणंदेच्या मुलालाही सर्दी होतच असेल. पण त्याचा कान दुखायला लागला की संध्याकाळपर्यंत त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेता येतं. तुमच्या मुलीचा कान पू येईपर्यंत थांबला, कारण एक दिवस खाडा केला तर तीन घरी बोलणी बसतात. आजार तोच असला तरी उपचार पोचायला लागलेला वेळ वेगळा, आणि तो वेळ मुलीच्या पहिलीच्या वर्षातून गेला. मिस्टर दारात उभं राहून सिगारेट किंवा बिडी ओढत असतील तर तेही बघा. तंबाखूच्या धुराने मुलांच्या कानाचं दुखणं वाढतं. एका खोलीत दार म्हणजे घरच. त्यांना खाली, रस्त्यावर पाठवा.

झोपेचा हिशोब तुम्हीच मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. वडील साडेअकराला येणार, दिवा लागणार, ताट वाढलं जाणार, आणि मुलगी बाबांसाठी जागी. शाळा सकाळची असेल तर सहा तासही धड होत नाहीत. वडिलांची पाळी तुम्ही बदलू शकत नाही. पण ती नऊला झोपली पाहिजे, बाबा तिला सकाळी भेटतील, एवढं मिस्टरांशी ठरवता येईल. एका खोलीत हे अवघड आहे, मला कळतं. जेवणाचं ताट झाकून ठेवा आणि मोठा दिवा लावू नका.

चहा बंद करा. चहासोबत खाल्लेल्या अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. कळव्याला जाल तेव्हा हिमोग्लोबिनही बघून घ्या. तिच्या वयाला ते साडेअकराच्या खाली नको. कमी निघालं तर लाजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे 69 टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली. देशात चांगल्या ऐपतीच्या घरांतही निम्म्याहून जास्त. म्हणजे तुम्ही पोळ्या करता त्या घरांतही. फरक एवढाच की तिथे कोणी ते ‘वातावरणा’वर ढकलत नाही. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी लोहाची आठवड्याला एक गुलाबी गोळी सरकारी आणि अनुदानित शाळांतून द्यायची असते, बाईंना विचारा. त्याच शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही वर्षातून एकदा तपासणीला येतं. मुलीचं कार्ड भरलंय का, तेही त्यांना विचारा.

बाईंशी भांडू नका. त्यांनी विचारलं ते लागट होतं, पण काहीतरी बिनसलंय हे त्यांनीच ओळखलं. तपासणीचा कागद दाखवा आणि मुलीला पहिल्या बाकावर बसवून घ्या. निकाल येईपर्यंतही तेवढं करता येतं.

घरी कोणी बोलत नाही का, याचं उत्तर मी तुमच्या धाकट्यापासून देते. 1986-87 साली जमैकात, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग झाला. वयाच्या मानाने उंची खुंटलेली 129 बाळं, नऊ महिने ते दोन वर्षांची. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची, बाळाशी कसं खेळायचं आणि बोलायचं ते आईला करून दाखवायची. वीस वर्षांनी बघितलं तर त्या मुलांची कमाई, ज्यांना असं खेळवलं-बोलवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. घरं तीच, आयाही त्याच. मुलांना कोणी टॉवरमध्ये नेलं नव्हतं.

तुमच्याकडे दर आठवड्याला कोणी येत नाही, आणि ते यायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण धाकट्याला अंगणवाडीत नेत जा, वजन-उंची करून घ्या, लोहाचं औषध मागा. बोलण्यासाठी वेगळा वेळ काढू नका, तो तुमच्याकडे नाही. रात्री कणीक मळताना मुलीला समोर बसवा. आज तिन्ही घरी मिळून किती पोळ्या झाल्या ते तिला मोजायला लावा. बाईसाहेबांच्या मांजराने काय केलं ते सांगा. घरात जी भाषा बोलता तीच, इंग्रजीची ओढाताण नको. तोंड तिच्याकडे करून बोला, कारण ऐकू कमी येणारं मूल ओठ बघतं.

नणंदेचं मन वाईट आहे असं मला वाटत नाही. ‘तुमच्यासारखीच राहील’ हे मात्र तिने म्हणायला नको होतं. ती भाऊ आणि भावजयीबद्दल बोलत होती, आणि मुलगी तिथेच बसलेली असेल. उद्या मुलीला पाठवलंत तर कान तिच्याबरोबर घोडबंदरला जाईल. तिथेही ती तीन हाकांनी ओ देईल. मग ‘एवढं करूनही’ असं म्हटलं जाईल. सहा वर्षांच्या पोरीला त्याचा एकच अर्थ लागतो: मी नीट नाही म्हणून आईने मला दिलं.

मदत मात्र जरूर घ्या, फक्त काय हवं ते तुम्ही ठरवा. ‘वन्सं, पोरीचे कान दाखवायचेत, त्या दिवशी धाकट्याला सांभाळाल का?’ असं विचारा. सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख लांबची मिळाली तर बाहेर करून घ्यायचा खर्च त्यांच्याकडे मोकळेपणाने मागा. रविवारी आतेभावाबरोबर खेळायला, त्याची पुस्तकं बघायला मुलीला पाठवा आणि संध्याकाळी घेऊन या. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांचं झाल्याशिवाय शाळेच्या दाखल्याचा विषय नको. डॉक्टरांचं नाव काढलं की तुमच्या नाही म्हणण्याला घरात जरा वजन येईल. हे असं व्हायला नको खरं, पण आत्ता तेवढं वापरून घ्या.

कान, झोप, रक्त यातलं काहीच निघालं नाही तर? तर डोळे राहिले, तेही त्याच फेरीत तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर या वयात सुधारतं, पुढे अवघड होत जातं. तेही ठीक असेल आणि दुसरीत गेल्यावरही अक्षरं लागत नसतील, तर वाचण्यातच काही अडचण आहे का, याचा विचार करावा लागेल. त्याची पक्की चाचणी साधारण आठव्या वर्षानंतर करतात. तेव्हा आत्ता कोणी मुलीवर शिक्का मारायला लागलं तर मारू देऊ नका. कळव्याचे कागद एका पिशवीत जपून ठेवा, पुढे प्रत्येक डॉक्टर ते मागतील.