भावाला न्यायालयीन कोठडी झालीय, मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत. तुरुंगात मिळतील का?

मिळायला हव्यात, पण आपोआप मिळतील असं धरून बसू नका. आत घेताना डॉक्टर तपासतात खरे, पण त्या गडबडीत कैदी स्वतःहून ‘माझ्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत’ असं क्वचितच सांगतो. लाज वाटते, दुसरं काय.

डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीची प्रत आजच वकिलाकडे द्या: गोळीचं नाव, डोस, वेळ. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने औषध चालू ठेवावं, असा अर्ज कोर्टात करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०३ कैद्यांच्या उपचारांबद्दलच आहे. लिथियमसारखी, मूड स्थिर ठेवणारी गोळी अचानक बंद झाली तर आजार उलटू शकतो. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर अजिबात लपवू नका. आतले पहिले दिवसच जास्त धोक्याचे. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं.