हॉटेलातून मोफत जेवण सुरू करताना

परक्या देशात नुकतं हॉटेल टाकलंय आणि मोफत जेवणही द्यायचंय, तर आठवड्यातला एकच वार धरा, तोही मंद धंद्याचा. चाळीस ताटं पुरेत. शंभराची घोषणा करून तिसऱ्या आठवड्याला बंद करण्यापेक्षा हे बरं.

गडबड बहुतेकदा अन्न गार करताना होते. रात्रीचा भात खोल पातेल्यात झाकून ठेवला की वरून गार लागतो, पण मध्ये तासन्‌तास कोमट राहतो. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी भातात सोडलेलं उलट्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून पसरट ट्रेमध्ये दोन इंचांहून कमी थर द्या. दोन तासांत २१ अंश सेल्सिअस, पुढच्या चार तासांत ५. गरम करताना ७५ पर्यंत न्या, वाढताना ६० च्या वर ठेवा. थर्मामीटर कडेला नको, मधोमध खुपसा.

शेंगदाणे, तीळ, दूध, गहू कशात आहे ते स्थानिक भाषेत लिहून लावा. परवान्याचं स्थानिक आरोग्य खात्याला लेखी विचारा. फुकट आहे म्हणून नियम सुटतात असं धरून चालू नका.

पगारी आचाऱ्याला ‘सेवा’ म्हणून बिनपगारी थांबवू नका, कामगार कायद्यात अडकाल. व्हिसावरचा माणूस असेल तर त्याच्याही अंगाशी येईल. देणगीचे पैसे गल्ल्यात टाकू नका, वही वेगळी ठेवा. आणि रांग मागच्या दारी नको. गिऱ्हाईक बसतं त्याच टेबलावर वाढा. फोटो तर काढूच नका.