कृतज्ञतेला तपशील हवा

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा तीन गोष्टी रोज रात्री वहीत लिहिण्याचा नेम तू सांभाळला आहेस, पण आता ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ हेच शब्द पुन्हा पुन्हा उतरतात आणि लिहिताना मनात काहीच जागे होत नाही, असे तू कळवले आहेस. हा कोरडेपणा आपल्या स्वभावातच आहे, अशी समजूत कृपा करून बाळगू नकोस. जे नित्य लाभते त्याची मनाला सवय होते आणि सवय झालेली गोष्ट दिसेनाशी होते. हा मनाचा धर्मच आहे, आणि चांगल्या गोष्टींची यादीही त्यातून सुटत नाही.

‘कुटुंब’ हा शब्द फार मोठा आहे, त्यात एकही माणूस दिसत नाही. त्याऐवजी परीक्षेच्या दिवसांत तुझा अभ्यास संपेपर्यंत कोण जागे राहत असे आणि दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला किती लवकर उठावे लागे, हे लिही. ‘नोकरी’ असे लिहिण्यापेक्षा, ज्या सहकाऱ्याने स्वतःचे काम बाजूला ठेवून तुझा अहवाल तपासला त्याचे नाव लिही आणि त्याने तसे का केले असेल, याचाही विचार कर. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि त्या प्रत्येकीचे कारणही लिहिले होते. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसून आला. कारण शोधू लागलो की बहुतेक वेळा त्यामागे कोणाचे तरी कष्ट सापडतात, आणि माझ्या मते कृतज्ञता तिथूनच सुरू होते.

रोज लिहिण्याचा आग्रहही सोडून दे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे मात्र वाढले नाही. तेव्हा आठवड्यातला एखादा निवांत दिवस ठरव आणि त्या दिवशी एकाच प्रसंगावर सविस्तर लिही. ज्या आठवड्यात काही सुचणार नाही, त्या आठवड्यात उलट बाजूने विचार करून पाहा: अमुक व्यक्ती मला भेटलीच नसती, तर आज मी कोठे असतो?

एका बाबतीत मात्र सावध राहा. अन्याय सोसणाऱ्याला ‘जे मिळाले त्यात समाधान मान’ असे सांगण्यासाठी कृतज्ञतेचा वापर सर्रास होतो, आणि मला तो अत्यंत अनुचित वाटतो. तुझ्या श्रमाचा योग्य मोबदला मागताना तू कृतघ्न ठरत नाहीस. तसेच या सरावाचे परिणाम खरे असले तरी माफक आहेत, हे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसून आले आहे. मन दीर्घकाळ खिन्न राहत असेल, तर वहीवर विसंबून न राहता तज्ज्ञाची मदत घ्यावी.

तुझ्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत अधिक थांबलो, ते शाळेतल्या तुझ्या शिक्षिकांविषयीचे होते. त्यांना लिहावेसे वाटते, पण इतक्या वर्षांनी ते विचित्र दिसेल, असा तुला संकोच वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमक्या याच संकोचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होते त्यापेक्षा ते मिळालेल्यांना कमी अवघडल्यासारखे झाले आणि कितीतरी अधिक आनंद झाला. शब्द नीट जुळले आहेत की नाहीत, याची चिंता लिहिणाऱ्यालाच अधिक होती, वाचणाऱ्याचे लक्ष त्यातल्या जिव्हाळ्याकडे होते. म्हणून भाषेची काळजी करू नकोस. त्यांनी नेमके काय केले, त्या वेळी तुझी अवस्था काय होती आणि त्यामुळे पुढे तुझ्या आयुष्यात काय घडले, एवढे क्रमाने लिही. ‘तुमचे उपकार कधीच फिटणार नाहीत’ यांसारखी वाक्ये टाळ, कारण ती कोणालाही लिहिता येतात; तुझी इयत्ता, तो प्रसंग आणि त्यांचे आठवत असलेले शब्द केवळ तूच लिहू शकशील. पत्र एका पानापेक्षा मोठे नसले तरी चालेल. शक्य असेल तर ते स्वतः नेऊन दे आणि त्यांच्यासमोर वाचून दाखव. ते जमणार नसेल तर या आठवड्यातच टपालात टाक.

तुझा शुभचिंतक